खान अकॅडमी रिव्ह्यू: होमस्कूलिंग करताय पण शेजारी बसायला वेळ नाही, त्यांच्यासाठी

आधीच सांगते, मी शिक्षणतज्ज्ञ वगैरे नाही. नोकरी करणारी, घरात दुसरा मोठा माणूस नसलेली आई आहे, दोन मुलं घरीच शिकतात, मोठी अकरा वर्षांची आणि धाकटा सहाचा. त्यामुळे व्हिडिओ किती भारी, ॲनिमेशन आहे का नाही, ह्यात मला फारसा रस नाही. कुठलंही ॲप, कोर्स, पुस्तक घेताना मी एकच बघते, मी खुर्ची ओढून पोराच्या शेजारी बसले नाही तर ह्याचं किती चालतं? कारण होमस्कूलिंगवर जे काही वाचायला मिळतं त्यात आई नाहीतर बाबा दिवसभर मोकळे आहेत हे गृहीतच धरलेलं असतं. सकाळी सगळे मिळून टेबलाशी बसा, मग बाहेर निसर्गात जा, मग दुपारी एकत्र वाचन. अहो, सकाळी मीटिंग असते माझी.

तर ह्याच एका कसोटीवर खान अकॅडमीचे मार्क देते. गणिताला ५ पैकी साडेचार. विज्ञानाला साडेतीन. भाषेला दोन. आणि "मूल आपणहून अभ्यासाला बसेल का" ह्याला शून्य, कारण ते तिचं कामच नाही, आणि कुठल्याही ॲपने तसं सांगितलं तरी विश्वास ठेवू नका.

ज्यांनी नुसतं नाव ऐकलंय त्यांच्यासाठी थोडं. ही इंटरनेटवर फुकट शिकवणारी ना-नफा संस्था आहे, सलमान खान नावाच्या माणसाची (नटाशी काही संबंध नाही, सगळे त्याला सॅल म्हणतात). २००४ मध्ये हा गुंतवणूक कंपनीत नोकरी करत करत दुसऱ्या शहरातल्या नात्यातल्या एका धाकट्या बहिणीला लांबूनच गणित शिकवायचा, मग बाकीची भावंडं पण यायला लागली, सगळ्यांच्या वेळा जुळवणं अशक्य झालं म्हणून २००६ मध्ये व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकायला लागला. २००८ मध्ये रीतसर संस्था झाली आणि पुढच्या वर्षी त्याने नोकरी सोडली. मला ह्यातली एक गोष्ट फार आवडते. त्यानेच नंतर सांगितलंय की भावंडांना तो समोर असण्यापेक्षा यूट्यूबवरच जास्त आवडायला लागला, कारण तिथे थांबवता येतं, मागे नेता येतं, आणि "समजलं का?" असं कुणी सारखं विचारत नाही. म्हणजे ही गोष्ट मुळात वेळ नसलेल्या माणसाने, लांब असलेल्या मुलांसाठी, कामाच्या वेळेबाहेर केलेली आहे. आपली पण तीच परिस्थिती आहे की.

आता कामाचं. बहुतेक लोक खान अकॅडमी म्हणजे व्हिडिओ समजतात आणि मुलाला व्हिडिओ लावून देतात. व्हिडिओ ठीक आहेत, काळी पाटी, रंगीत पेन, एक आवाज, बस. पण वेळ नसलेल्या पालकासाठी खरी किंमत व्हिडिओची नाहीच, सरावाची आहे. प्रत्येक छोट्या मुद्द्याला, म्हणजे समजा छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज, एक छोटासा सराव असतो, मोजकेच प्रश्न. सोडवले की लगेच बरोबर का चूक कळतं, चुकलं तर पायरी पायरीने हिंट मिळते, आणि शेवटी त्या मुद्द्याला एक लेव्हल लागते. सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर नुसतं "प्रयत्न केला" एवढंच. सत्तर किंवा वर पण सगळे नाही आले तर "फॅमिलिअर". सगळेच्या सगळे बरोबर आले तर "प्रोफिशियंट". आणि सगळ्यात वरची "मास्टर्ड" सरावात मिळतच नाही, ती नंतर युनिट टेस्टमध्ये नाहीतर पूर्ण कोर्सच्या टेस्टमध्ये तोच मुद्दा पुन्हा बरोबर आला की मिळते. आणि तिथे चुकलं तर लेव्हल खाली येते!

हे खाली येणं मुलांना अजिबात आवडत नाही, मोठी तर चिडायची, "मला येत होतं ना हे, मग का काढून घेतलं". पण मला तेच पटलं. कारण सोमवारी आलेलं गुरुवारी येतंय का हे बघायला लागतं, आणि ते बघायचं लक्षात ठेवणं हे काम आधी माझ्या डोक्यावर होतं. कामाच्या ईमेल, बिलं, डॉक्टरची अपॉइंटमेंट, आणि त्यातच "हिची अपूर्णांकं परत घ्यायचीत". ते एक ओझं उतरलं.

एक मुद्दा नीट आल्याशिवाय पुढे जायचं नाही ही कल्पना खान अकॅडमीची नाही बरं का, बेंजामिन ब्लूम नावाच्या अमेरिकन शिक्षण मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये ती मांडली होती. ह्याच ब्लूमने १९८४ मध्ये असं लिहिलं की एकास एक शिकवलं आणि ही पद्धत वापरली तर सरासरी मूलसुद्धा नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं. नंतरच्या अभ्यासांत एवढा मोठा फरक काही दिसला नाही, त्यामुळे ९८ वर नाचू नका, पण एकास एक शिकवण्याचा फायदा होतो हे कुणी नाकारलेलं नाही. आणि वेळ नसलेल्या पालकाकडे वेळ नसला तरी एकास एक आहेच ना! वर्गात तीस मुलं असतात, माझ्याकडे दोन आहेत. प्रश्न एवढाच की तो थोडासा वेळ कशावर घालवायचा.

इथे रिपोर्ट कामाला येतो. माझ्या मते पूर्ण खान अकॅडमीतली पालकाला सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे आणि ह्याबद्दल कुणी बोलतच नाही. मुलाचं अकाउंट तुमच्या अकाउंटला जोडलेलं असतं, तिथे मुलाने काय काय केलं त्याची यादी दिसते, कोणता मुद्दा, किती मिनिटं, कितीपैकी किती बरोबर, लेव्हल वर गेली का खाली. रात्री दहा मिनिटात बघून होतं. कसं बघायचं ते सांगते.

व्हिडिओच्या ओळी मी सरळ सोडून देते. व्हिडिओ बघितला म्हणजे काय, तर व्हिडिओ चालू होता. एवढंच.

मग मिनिटं आणि बरोबर उत्तरं एकत्र बघायची. सात प्रश्न एका मिनिटात आणि त्यातले तीन बरोबर, म्हणजे पोरगी नुसती टिचक्या मारत होती. सात प्रश्नांना वीस मिनिटं आणि सहा बरोबर, म्हणजे मेहनत केली पण एक चुकला, हिला शाबासकी द्यायची आणि सोडून द्यायचं, ती स्वतःच परत करेल. आणि वीस मिनिटं घालवून दोनच बरोबर, आणि तेच तीन वेळा, म्हणजे गाडी अडकली. संध्याकाळचा माझा वेळ फक्त ह्या तिसऱ्या प्रकाराला. बाकी कशालाच नाही. जे तिला येतंय ते मी परत शिकवत नाही, जे ती स्वतः सोडवू शकते त्यात नाक खुपसत नाही. पंधरा-वीस मिनिटं पेन-कागद घेऊन फक्त त्या एका अडलेल्या गोष्टीवर, आणि बहुतेक वेळा अडचण त्या मुद्द्याची नसतेच, मागचंच काहीतरी कच्चं असतं. भागाकार अडलाय म्हणून बसावं तर पाढेच डगमगतायत असं निघतं.

एका वाक्यात सांगायचं तर शिकवणं आणि तपासणं ह्यातलं तपासणं खान अकॅडमी जवळपास पूर्ण काढून घेते आणि शिकवणं अर्धं. नोकरी करून वह्या तपासत बसणं हे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत.

आता पोरांच्या युक्त्या, कारण ह्या माहीत नसतील तर रिपोर्ट बघून तुम्ही खूश व्हाल आणि मुलाला काहीच येत नसेल. पहिली, पर्याय असलेल्या प्रश्नांत अंदाजपंचे. दुसरी, बाजूला कॅल्क्युलेटर. तिसरी, उत्तर सरळ एखाद्या व्हॉइस असिस्टंटला नाहीतर एआयला विचारायचं, आणि आजकाल ही सगळ्यात मोठी. हिंटवर मात्र त्यांनी बरा इलाज केलाय, हिंट उघडली की तो प्रश्न बरोबर धरत नाहीत, त्यामुळे हिंट बघून लेव्हल वाढवता येत नाही. बाकीच्यांवर माझा उपाय अगदी जुना आहे, वही. प्रत्येक प्रश्न वहीत सोडवायचा, वर तारीख आणि मुद्द्याचं नाव. स्क्रीनवर काय आलं ते रिपोर्टमध्ये दिसतंच, मला वहीत कच्चं काम दिसलं पाहिजे. वहीत काही नसेल तर तो सराव झालाच नाही, परत करायचा. आणि जेवणाच्या सुट्टीत त्या पानाचा फोटो मला पाठवायचा. वही बघितल्यावर चूक कुठे होते ते पण कळतं, स्क्रीन फक्त चुकलं एवढंच सांगते, पण हातचा विसरली का प्रश्नच नीट वाचला नाही हे कागदावरच दिसतं.

दुसरं टॅब उघडून भलतंच बघणं ह्यावर खान अकॅडमीकडे काहीच इलाज नाही, तो तुम्हालाच करायचाय. ॲपलच्या डिव्हाइसवर स्क्रीन टाइम, अँड्रॉइडवर गूगलचं फॅमिली लिंक, दोन्हीत कोणतं ॲप किती वेळ चालेल ते ठरवता येतं. अभ्यासाच्या वेळात बाकी सगळं बंद. हे सेट करायला एक संध्याकाळ जाते, डोकं उठतं, पण एकदा करून टाका. आणि पासवर्ड मुलाच्या वाढदिवसाचा ठेवू नका, त्यांना लगेच कळतो.

कोणत्या इयत्तेपासून सुरू करायचं हा प्रश्न सगळ्यांना पडतो. आम्ही वापरतो ते कोर्स अमेरिकेतल्या शाळांच्या इयत्तांप्रमाणे लावलेले आहेत, म्हणजे आपल्या मुलाच्या वयाशी ते तंतोतंत जुळतीलच असं नाही, आणि शाब्दिक उदाहरणांत इंच, पाउंड, डॉलर भेटत राहतात. मोठीला सुरुवातीला वैताग आला, मग तिने त्यातूनच एकक बदलायला शिकून घेतलं, तर तेही असो. इयत्तेच्या नावाकडे बघूच नका. "गेट रेडी" नावाचे कोर्स आहेत, म्हणजे अमुक इयत्ता सुरू करायच्या आधी जे यायला पाहिजे तेवढंच त्यात काढून ठेवलंय, त्यातून सुरू करा. किंवा थेट कोर्सची मोठी टेस्ट द्यायला लावा, त्यात जे येतं ते आपोआप भरलं जातं आणि उरलेल्या भोकांवरच काम करायचं. शाळेतून मधूनच काढलेल्या मुलांसाठी हे फार सोयीचं आहे, कारण त्यांचं कधीच एका इयत्तेत बसत नाही, भूमिती एक वर्ष पुढे आणि भागाकार दोन वर्षं मागे असं काहीतरी असतं. आणि मूल मागच्या इयत्तेचं काही करत असेल तर घरात बघायला आहे कोण, चिडवणारं कुणी नाही.

एक सेटिंग सांगते जी बऱ्याच पालकांना माहीत नसते. पालकाच्या अकाउंटबरोबर टीचरचं अकाउंट पण काढता येतं, एकच मूल असलं तरी "क्लास" बनवता येतो आणि त्यात तारीख देऊन काम लावता येतं. मी रविवारी रात्री पूर्ण आठवड्याचं लावून टाकते. मग सकाळी "आई, आज काय करू?" हा प्रश्न येत नाही, आणि खरं सांगू का, घरून शिकवताना माझी सगळ्यात जास्त शक्ती ह्याच प्रश्नात जायची. मुलाने लॉगिन केलं की त्याला दिसतं. तेरा वर्षांखालच्या मुलाचं अकाउंट पालकानेच काढायचं असतं, त्याला वेगळा ईमेल लागत नाही, युझरनेम-पासवर्डवर चालतं. फुकट आहे, जाहिराती नाहीत. हे फुकट नुसतं ट्रायलचं नाही, सगळे कोर्स, सगळा सराव, रिपोर्ट, सगळंच.

आता धाकटा. सहा वर्षाच्या मुलाला मोठी वेबसाइट देऊ नका, काही उपयोग नाही, वाचताच येत नाही धड तर प्रश्न काय वाचणार. त्याच्यासाठी खान अकॅडमी किड्स असं वेगळं ॲप आहे, २ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी, २०१८ मध्ये आलं, तेही फुकट आणि जाहिराती नसलेलं. अस्वल वगैरे प्राणी आहेत, गोष्टी वाचून दाखवतात, अक्षरं गिरवायची, मोजायचं, गाणी. ऑफलाइन चालेल अशा काही गोष्टी डाउनलोड करून ठेवता येतात, प्रवासात बरं पडतं. मुख्यतः इंग्रजीतच आहे, ते लक्षात ठेवा.

पण माझ्या कसोटीवर हे ॲप काठावर पास आहे. धाकटा एकटा बसतो, खुशीत बसतो, माझी मीटिंग होते, हे सगळं खरं. पण सहा वर्षांचं मूल स्क्रीनवर बोट फिरवून अक्षर "गिरवतं" आणि पेन्सिल धरून लिहितं ह्यात फार अंतर आहे. वाचायला शिकणं तर मांडीवर बसूनच होतं, मूल अडखळतं तेव्हा ऐकायला कान लागतो. त्यामुळे लहान मुलासाठी ह्याला शिकवणं समजू नका, मी त्याला सरळ "आईच्या मीटिंगचं ॲप" म्हणते आणि तेवढाच वेळ देते. त्याचा खरा अभ्यास रोज अर्धा तास, माझ्याबरोबर, सकाळी मी लॉगिन करायच्या आधी. एवढ्या लहानाला ह्याहून जास्त लागत पण नाही. शार्लट मेसन नावाच्या ब्रिटिश शिक्षिका होत्या (१८४२ ते १९२३), घरी शिकवणाऱ्यांत त्यांचं नाव अजून निघतं, त्या लहान मुलांचे धडे वीस मिनिटांच्या आतच ठेवा म्हणायच्या. एकट्या पालकासाठी तर हा आशीर्वादच समजा. शाळेचे सहा तास घरी आणायला जाल तर महिन्याभरात दोघंही रडाल. शाळेत हजेरी, रांगा, एक तास संपून दुसरा सुरू होणं, तीस जणांच्या वह्या, ह्यात किती वेळ जातो, घरी त्यातलं काहीच नसतं.

भाषेला दोनच मार्क का, तर इंग्रजी व्याकरण आणि उताऱ्यावरचे प्रश्न एवढं ठीक आहे, पण लिहायला शिकवणं हे ह्या रचनेत बसतच नाही. निबंधाला बरोबर-चूक नसतं, कुणीतरी माणसाने वाचायला लागतो. आणि घरची भाषा तर तुमची तुम्हालाच बघायचीय. मी मोठीला रोज एक पान लिहायला लावते, विषय काहीही, कालच्या भांडणावर पण चालेल, आणि शनिवारी आठवड्याची पानं निवांत वाचते. रोज वाचायला गेले तर घाईत वाचते आणि फक्त ऱ्हस्व-दीर्घ दिसतात.

वाचनासाठी लिब्रिव्हॉक्स वापरून बघा, ते २००५ पासून आहे, कॉपीराइट संपलेली पुस्तकं स्वयंसेवक वाचून रेकॉर्ड करतात, फुकट असतात. इंग्रजी भरपूर आहे, बाकी भाषांत कमी-जास्त. वाचणाऱ्यांचे आवाज काही छान, काही अगदीच रटाळ, आधी ऐकून निवडा. आमचं इतिहास-भूगोलाचं बरंचसं गाडीत आणि भांडी घासताना ऐकून होतं, दोघांना एकत्रच, वय वेगळं असलं तरी. गणित आणि वाचन-लेखन सोडून बाकी विषय दोन मुलांना वेगवेगळे शिकवायची काहीच गरज नाही, मोठीला दोन प्रश्न जास्त विचारायचे, धाकट्याला चित्र काढायला सांगायचं. कोडिंगसाठी स्क्रॅच, एमआयटीचं, २००७ मध्ये आलेलं, आठ वर्षांपासून पुढच्या मुलांना. मूल त्यात तासन्‌तास एकटं रमतं, माझ्या कसोटीवर हे तर पाचपैकी पाच! फक्त तिथे दुसऱ्यांचे गेम खेळण्यातच वेळ जातोय का हे अधूनमधून बघत जा.

विज्ञानाचे मार्क प्रयोग नसल्यामुळे कापलेत. मोठ्या इयत्तांचं जीवशास्त्र, रसायन, भौतिक चांगलं आहे, समजावून सांगणं उत्तम, पण लहान इयत्तांचं विज्ञान गणिताइतकं भरलेलं नाही, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलाने विज्ञान बघून काय शिकायचं, हात घातला पाहिजे. ते सुट्टीच्या दिवशी.

आणि शून्य मार्कांचं जे सांगितलं त्याबद्दल. खान अकॅडमीत पॉइंट आहेत, बॅज आहेत, अवतार आहेत, पहिल्या काही दिवसांत मुलं त्यामागे धावतात, नंतर ते संपतं. मूल खुर्चीत बसतं ते कुणीतरी घरात आहे म्हणून. मी ऑफिसात आणि अकरा वर्षांची पोरगी एकटी लॅपटॉपसमोर, ही व्यवस्था कुठल्याही ॲपवर चालणार नाही, आणि मूल लहान असेल तर सुरक्षिततेच्या दृष्टीनेही चालणार नाही, एकटं ठेवण्याबद्दल जागोजागी कायदे पण असतात. माझे तीन दिवस घरून काम असतं, दोन दिवस मुलं माझ्या आईकडे. आईला फोर्थ ग्रेडचं गणित शिकवायचं नाहीये, तिने फक्त एवढंच बघायचं की बसलीये का, वही उघडी आहे का. शिकवायचं काम ॲपकडे आणि लक्ष ठेवायचं काम आजीकडे असं वाटून दिल्यावर आजी पण खूश, कारण आधी तिला भीती वाटायची की मला काही येत नाही मी काय शिकवणार. ज्यांच्याकडे आजी नाही त्यांनी दुसरं एखादं होमस्कूलिंगवालं घर शोधा, एक दिवस मुलं तुमच्याकडे, एक दिवस त्यांच्याकडे. तेही जमत नसेल तर अभ्यास संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी ठेवा, दिवसा मूल जिथे सांभाळायला असेल तिथे खेळू दे. अभ्यास दिवसाच झाला पाहिजे असं कुठे लिहिलंय? मोठ्या सुट्टीची पण गरज नाही, वर्षभर थोडं थोडं करत राहिलं तर आजारपणाचे आणि ऑफिसच्या डेडलाइनचे आठवडे सरळ सोडून देता येतात.

तुलना म्हणून सांगते, ह्याआधी मी एक पैसे भरून घ्यायचा ऑनलाइन कोर्स घेतला होता, नाव घेत नाही. लाइव्ह क्लास, ठरलेली वेळ, आणि मूल हजर नसलं की मला कामाच्या वेळेत फोन. क्लास चुकला तर रेकॉर्डिंग, पण ते दोन दिवसांनी. आणि दर महिन्याला पुढचं पॅकेज घ्या म्हणून सेल्सचा फोन वेगळा! म्हणजे माझं काम कमी करायला घेतलेल्या गोष्टीने मलाच कामाला लावलं. व्यस्त पालकाने कुठलाही कोर्स घेताना एवढं विचारावं, ठरलेल्या वेळी हजर राहावं लागतं का? लागत असेल तर दोनदा विचार करा. खान अकॅडमीत कधीही बसा, पहाटे बसा, अर्धवट सोडून या, काही फरक पडत नाही.

खानमिगो म्हणून त्यांचा एआय शिक्षक आहे, २०२३ मध्ये आणला, पालकांना त्याचे वेगळे पैसे पडतात. सरळ उत्तर न देता उलटे प्रश्न विचारत विचारत पोचवतो अशी त्याची रचना आहे. कल्पना चांगली आहे, पण ज्या मुलाला भराभर टाइप करता येत नाही आणि आपलं काय अडलंय हे शब्दांत सांगता येत नाही, त्याला त्याचा किती उपयोग होणार? तेरा-चौदाच्या पुढच्या, स्वतःहून शिकणाऱ्या मुलांसाठी विचार करा. आम्ही घेतलेलं नाही, फुकटातलंच अजून संपत नाहीये.

कुणासाठी नाही ते पण सांगते. ज्या मुलाला डिस्लेक्सिया किंवा लक्ष टिकण्याचा त्रास आहे त्याला नुसतं ह्याच्यावर सोडू नका, चुकलं की लेव्हल खाली येणं अशा मुलाला फार लागतं, आणि प्रश्न वाचायचेच असतात. ज्यांच्याकडे इंटरनेटचा भरवसा नाही त्यांना व्हिडिओ ॲपमध्ये डाउनलोड करता येतात, पण वर म्हटलं तसं खरी किंमत सरावाची आहे, आणि त्याला नेट लागणार. ज्यांना पूर्ण दिवसाचा तयार आराखडा हवाय, सगळे विषय, रोजचं वेळापत्रक, त्यांनाही हे अपुरं पडेल, ही शाळा नाहीच, हे एक फार चांगलं गणिताचं यंत्र आहे आणि बाजूला बाकी दुकान आहे.

शेवटचं, कागदपत्रांचं. खान अकॅडमीचं कुठलंही सर्टिफिकेट शाळेच्या दाखल्याऐवजी चालत नाही, पुढे परीक्षा द्यायची तर ती वेगळी बघावी लागते, कोणत्या बोर्डाची, कोणत्या वयात, ते आत्ताच विचारून ठेवा. होमस्कूलिंगचे नियमही देशागणिक वेगळे आहेत, जर्मनीत तर शाळेत जाणंच सक्तीचं आहे, काही ठिकाणी नोंदणी करावी लागते, काही ठिकाणी वर्षाकाठी मुलाच्या कामाचे नमुने दाखवावे लागतात. आणि एकट्या पालकाचं प्रकरण कोर्टात असेल, ताब्याचा वाद असेल, तर घरी शिकवताय म्हणजे काय करताय असा प्रश्न हमखास येतो. त्यामुळे महिन्याच्या शेवटी प्रोग्रेसच्या पानाचा स्क्रीनशॉट, वहीच्या चार पानांचे फोटो आणि वाचलेल्या पुस्तकांची यादी, सगळं तारीख घालून एका फोल्डरमध्ये टाका. आणि त्याची एक कॉपी फोनच्या बाहेर दुसरीकडे कुठेतरी ठेवा.